एपीएलए तपासणी : डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून बारा आठवड्यांनंतरच्या दुसऱ्या रिपोर्टपर्यंत

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एपीएलए’ एवढी चार अक्षरे लिहिलेली असतात आणि लॅबच्या खिडकीवरचा कर्मचारी विचारतो, “यातली नेमकी कोणती करायची?” बहुतेक रुग्णांकडे या प्रश्नाचे उत्तर नसते, त्यामुळे दरपत्रकात त्या नावाने जे पहिले सापडेल ते करून टाकले जाते. आपल्याकडच्या अनेक लॅबच्या यादीत ‘अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी, आयजीजी व आयजीएम’ अशी एक एकत्रित तपासणी असते; आयजीजी आणि आयजीएम हे अँटीबॉडीचे, म्हणजे प्रतिपिंडांचे, दोन प्रकार. तिच्यात निरनिराळ्या फॉस्फोलिपिडांचे मिश्रण वापरलेले असते. ती स्वस्त पडते आणि तिचे नावही चिठ्ठीवरच्या अक्षरांशी तंतोतंत जुळते. परंतु अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम या आजाराच्या आंतरराष्ट्रीय निकषांत तिला स्थान नाही. निकषांत आहेत त्या तीन वेगळ्या तपासण्या : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन प्रतिपिंडे (आयजीजी आणि आयजीएम) आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन वन प्रतिपिंडे (आयजीजी आणि आयजीएम). म्हणून लॅबमध्ये जाण्याआधी करायची पहिली गोष्ट ही, की या तिन्हींची नावे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावीत. तीनपैकी एकच करून ‘निगेटिव्ह आली, म्हणजे आजार नाही’ असे म्हणता येत नाही, कारण एखाद्या रुग्णात केवळ एकच पॉझिटिव्ह असू शकते आणि ती कोणती असेल हे आधी सांगता येत नाही.

आजार काय आहे, हे थोडक्यात सांगायला हवे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच काही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रथिने पेशींच्या आवरणातील फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थांना चिकटलेली असतात आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बीटा-टू ग्लायकोप्रोटीन वन. प्रतिपिंडे त्याला जाऊन बिलगली की रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर, प्लेटलेट्स आणि गर्भाची वार यांच्यात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यातून पायाच्या शिरेत गुठळी होणे, ती सुटून फुप्फुसात जाणे, तरुण वयात पक्षाघाताचा झटका येणे, वारंवार गर्भपात होणे किंवा गर्भ पोटातच दगावणे असे प्रकार घडतात. लंडनमधील ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या साऱ्यांचा परस्परसंबंध मांडला. म्हणून या आजाराला ह्यूज सिंड्रोम असेही म्हणतात.

तपासणी कोणी करावी, आणि कोणी करू नये

ही तपासणी ‘एकदा करून बघू’ म्हणून करण्यासारखी नाही. धडधाकट माणसांतही थोड्या जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडे कमी प्रमाणात सापडतात आणि त्यांना आयुष्यभर काहीही होत नाही. अशा माणसाच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट पडला की त्यातून निष्कारण भीती आणि निष्कारण औषधे एवढेच पदरी पडते. पन्नाशीच्या आत, शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे असे कोणतेही उघड कारण नसताना गुठळी झालेली असणे; मेंदूच्या, आतड्याच्या किंवा यकृताच्या शिरेत, म्हणजे एरवी जिथे सहसा होत नाही अशा जागी, गुठळी होणे; तरुण वयातील पक्षाघात; आणि ल्युपस हा संधिवाताच्या कुळातला आजार, या परिस्थितींत तपासणीला खरा अर्थ आहे. ल्युपसच्या साधारण तीस ते चाळीस टक्के रुग्णांत ही प्रतिपिंडे आढळतात.

गर्भधारणेच्या बाबतीत २००६ साली प्रसिद्ध झालेले, सिडनी निकष म्हणून ओळखले जाणारे निकष असे सांगतात : दहाव्या आठवड्याआधी लागोपाठ तीन किंवा अधिक, कारण न सापडलेले गर्भपात, दहाव्या आठवड्यानंतर, रचनेने निर्दोष असलेला गर्भ दगावणे, किंवा गर्भारपणातील तीव्र रक्तदाबामुळे वा वारेच्या अकार्यक्षमतेमुळे चौतिसाव्या आठवड्याआधी प्रसूती करावी लागणे. तिसऱ्या गर्भपाताची वाट पाहणे आता अनेक स्त्रीरोगतज्ज्ञांना क्रूरपणाचे वाटते आणि ते दुसऱ्यानंतरच तपासणी सांगतात. मला ते रास्त वाटते. मात्र २०२३ साली आलेल्या अमेरिकी-युरोपीय वर्गीकरण निकषांत केवळ सुरुवातीच्या आठवड्यांतील गर्भपातांना फारच थोडे गुण दिलेले आहेत, कारण असे गर्भपात बहुतेकदा गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. तपासणी करण्याचा उंबरठा आणि आजाराचे नाव देण्याचा उंबरठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे इथे लक्षात ठेवावे.

आणखी एक वाट अगदी अनपेक्षित असते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासण्यांत एपीटीटी, म्हणजे रक्त गोठण्यास लागणारा एक ठरावीक वेळ, लांबलेला सापडतो; घरचे घाबरतात, की आता रक्तस्राव होणार. प्रत्यक्षात त्यामागे ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट असेल, तर धोका रक्तस्रावाचा नसून गुठळीचा असतो.

कधी करावी

वेळेची निवड चुकली की उत्तम लॅबमधला रिपोर्टही फसवा ठरतो. ताप, न्यूमोनिया, मलेरिया, हिपॅटायटिस सी, कुष्ठरोग अशा संसर्गांत ही प्रतिपिंडे काही काळापुरती उगवतात आणि मावळतात. म्हणून पावसाळ्यात तापाने फणफणलेल्या माणसाची एपीएलए करू नये. तो बरा होऊन काही आठवडे जाऊ द्यावेत. नुकतीच गुठळी झालेल्या रुग्णाची अडचण वेगळी असते. त्या दिवसांत शरीरात दाहाची प्रथिने वाढलेली असतात. त्यांपैकी सीआरपी बरेच चढलेले असेल, तर ते एपीटीटीवर आधारित तपासणी खोटीच पॉझिटिव्ह दाखवू शकते, तर वाढलेला फॅक्टर आठ हा रक्त गोठवणारा घटक तोच वेळ आखडून खरा दोष झाकू शकतो. गरोदरपणातही फॅक्टर आठ वाढतो, त्यामुळे तेव्हाचा निगेटिव्ह ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट पूर्ण विश्वासाचा नसतो. शक्य असेल तर तपासणी गर्भधारणेपूर्वी किंवा प्रसूतीनंतर काही महिन्यांनी करावी.

सर्वांत मोठा गोंधळ होतो तो रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे, आणि इथे जरा थांबायला हवे. तीनपैकी दोन तपासण्या, म्हणजे कार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे, थेट मोजल्या जातात. त्यांच्यावर या औषधांचा परिणाम होत नाही. औषधे चालू असतानाही त्या कोणत्याही दिवशी करता येतात. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट ही मात्र रक्त गोठण्याचा वेळ मोजणारी तपासणी आहे, आणि जे औषध तो वेळ बदलण्यासाठीच दिलेले आहे ते तिला बिघडवणारच. वॉरफरिन किंवा आपल्याकडे अ‍ॅसिट्रॉम या नावाने जास्त परिचित असलेले, त्याच कामाचे दुसरे औषध चालू असेल, तर आयएनआर, म्हणजे या औषधाने रक्त किती पातळ झाले हे सांगणारा आकडा, दीडच्या आत असताना तपासणी नेहमीप्रमाणे करता येते. दीड ते तीनच्या दरम्यान रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव भाग, निरोगी माणसाच्या प्लाझ्म्यात समप्रमाणात मिसळून करता येते, पण निष्कर्ष सावधपणे काढावा लागतो. तीनच्या वर असेल तर ती न केलेली बरी. हेपॅरिनचा प्रभाव ठरावीक मर्यादेपर्यंत मारून टाकणारे रसायन तपासणीच्या किटमध्येच असते. तरीही त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या हेपॅरिनच्या शेवटच्या डोसनंतर किमान बारा तास जाऊ द्यावेत आणि पुढच्या डोसच्या आधी रक्त द्यावे. रिवारोक्साबान, एपिक्साबान आणि डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्या सर्वांत त्रासदायक, कारण त्या अनेकदा खोटा पॉझिटिव्ह निर्माण करतात, आणि रिवारोक्साबान तर त्यात अग्रेसर आहे. काही लॅब सक्रिय कोळशाच्या साहाय्याने प्लाझ्म्यातून हे औषध शोषून घेतात आणि मग तपासणी करतात. आपल्या लॅबमध्ये ही सोय आहे का, हे आधी विचारावे. नसेल, तर डॉक्टर काही दिवसांपुरते हेपॅरिनच्या इंजेक्शनवर आणून मग रक्त घेऊ शकतात.

तपासणी शुद्ध व्हावी म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करणे हा मात्र अत्यंत घातक मार्ग आहे. ज्याला ही प्रतिपिंडे खरोखरच आहेत त्याच्यासाठी औषधाविना गेलेले चार दिवस नव्या गुठळीला पुरेसे असतात. सर्वांत सोयीची वेळ म्हणजे औषध सुरू होण्याआधीची, त्यामुळे रुग्णालयात हेपॅरिनची पहिली मात्रा देण्यापूर्वी एक नळी काढून ठेवा अशी विनंती नातेवाइकांनी केली तर त्यात काही वावगे नाही.

रक्त देण्याचा दिवस

उपाशी राहण्याची गरज नाही. फॉर्मवर चालू औषधांची नावे आणि शेवटच्या डोसची वेळ लिहावी. तो रकाना नसेल तर कडेला लिहावी, पण लिहावी. दोन प्रकारच्या नळ्या लागतात. प्रतिपिंडे थेट मोजण्यासाठी सीरमची साधी नळी चालते. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटसाठी फिकट निळ्या टोपणाची, ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असलेली नळी लागते, आणि तिच्यात नऊ भाग रक्त व एक भाग सायट्रेट हे प्रमाण काटेकोर पाळावे लागते. नळीवर खूण असते. त्या खुणेपर्यंत रक्त भरले नाही तर सायट्रेट जास्त होते आणि गोठण्याचा वेळ खोटाच लांबतो. शीर सापडेना म्हणून अर्धी नळी भरून भागवून नेणाऱ्या कर्मचाऱ्याला तिथल्या तिथे दुसरी नळी भरायला सांगण्याचा संकोच करू नये.

त्यानंतरचा टप्पा रुग्णाला दिसत नाही, पण रिपोर्टचे भवितव्य तिथेच ठरते. नळीतले रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवून प्लाझ्मा वेगळा करतात आणि तो प्लाझ्मा पुन्हा एकदा फिरवतात. दोनदा कशासाठी? प्लेटलेट्सच्या आवरणातही फॉस्फोलिपिड असते. त्या प्लाझ्म्यात राहिल्या तर प्रतिपिंडे त्यांच्यावरच खर्च होतात आणि तपासणी निगेटिव्ह येते. असा नमुना फ्रीझरमध्ये गोठवून वितळवला की प्लेटलेट्स फुटतात आणि हा दोष आणखी वाढतो. रक्त घेतल्यापासून साधारण चार तासांच्या आत हे सगळे उरकून तपासणी व्हावी, नाहीतर प्लाझ्मा गोठवून ठेवावा. तालुक्याच्या गावातील कलेक्शन सेंटरवर सकाळी दिलेले रक्त साध्या बर्फाच्या डब्यातून संध्याकाळच्या गाडीने पुण्याला किंवा मुंबईला निघत असेल, तर या अटी पाळल्या जाण्याची शक्यता कमी. कार्डिओलिपिन आणि बीटा-टूच्या नमुन्याला तो प्रवास फारसा बाधत नाही, पण ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटसाठी शक्यतो जिथे प्रत्यक्ष तपासणी होते त्या मुख्य लॅबमध्ये जाऊनच रक्त द्यावे. एक दिवसाचा प्रवासखर्च हा दोन चुकीच्या रिपोर्टांपेक्षा केव्हाही स्वस्त पडतो.

घोणशीचे विष आणि तीन पायऱ्या

ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट हे नाव दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. ते असलेल्या अनेकांना ल्युपस नसतो, आणि शरीरात ते रक्त गोठू न देण्याचे नव्हे तर गोठवण्याचे काम करते. काचेच्या नळीत मात्र ते फॉस्फोलिपिड अडवून धरते आणि गोठण्याचा वेळ लांबवते. १९५२ साली ल्युपसच्या रुग्णांत हेच प्रथम दिसले आणि १९७२ साली दिले गेलेले नाव कायमचे चिकटले.

ते शोधण्यासाठी एकमेकींहून भिन्न अशा दोन तपासण्या एकत्र करण्याची शिफारस आहे : फॉस्फोलिपिड कमी असलेला, संवेदनशील एपीटीटी, आणि रिपोर्टवर ‘डीआरव्हीव्हीटी’ म्हणून येणारी दुसरी. त्या लांबलचक अक्षरांत आपल्या शेतातला साप लपलेला आहे, कारण त्यातले विष रसेल्स व्हायपरचे, म्हणजे घोणशीचे. अठराव्या शतकात हिंदुस्थानात राहून इथल्या सापांचा अभ्यास करणारे स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल यांचे नाव तिला मिळाले. घोणस चावल्यावर रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते ती तिच्या विषातील एक घटक फॅक्टर दहाला थेट चेतवतो म्हणून. तेच विष अतिशय पातळ करून प्लाझ्म्यात मिसळले की आधीचे सारे टप्पे वगळून गोठण्याची क्रिया तिथूनच सुरू होते आणि फॉस्फोलिपिडवर अवलंबून असलेला भाग तेवढा स्वच्छ दिसतो.

रिपोर्टवर तीन शब्द दिसतात : स्क्रीन, मिक्स, कन्फर्म. पहिल्या पायरीत कमी फॉस्फोलिपिड घालून वेळ मोजतात. तो लांबला तर काहीतरी आहे. दुसऱ्या पायरीत रुग्णाचा प्लाझ्मा निरोगी प्लाझ्म्यात निम्मा-निम्मा मिसळतात. गोठवणारा एखादा घटक केवळ कमी पडत असेल तर निरोगी प्लाझ्मा ती उणीव भरून काढतो आणि वेळ पूर्ववत होतो. अडथळा आणणारे प्रतिपिंड असेल तर तो लांबलेलाच राहतो. तिसऱ्या पायरीत भरपूर फॉस्फोलिपिड घालतात, आणि वेळ आखडला तर अडथळा फॉस्फोलिपिडशीच निगडित होता हे सिद्ध होते.

समजा, स्क्रीनचा वेळ ६० सेकंद आला आणि निरोगी प्लाझ्म्याचा ४०. गुणोत्तर झाले १.५. कन्फर्मचा वेळ ४२ सेकंद आणि निरोगी प्लाझ्म्याचा ३५, गुणोत्तर १.२. पहिल्याला दुसऱ्याने भागले की १.२५ येते. अनेक लॅब १.२ ही सीमा मानतात, त्या हिशेबाने हा रिपोर्ट किंचित पॉझिटिव्ह. पण प्रत्येक लॅबची सीमा तिच्या यंत्रावर आणि रसायनांवर ठरते, म्हणून आकड्याशेजारी छापलेली त्या लॅबची मर्यादाच ग्राह्य धरावी. फक्त स्क्रीनचा आकडा देऊन पॉझिटिव्ह ठरवलेला रिपोर्ट अपुरा समजावा.

उरलेल्या दोन तपासण्यांचे आकडे वाचणे सोपे वाटते आणि तिथेच फसगत होते. लॅबची सामान्य मर्यादा २० असेल आणि तुमचा आकडा २४ आला, तर संगणक तो ठळक अक्षरांत छापतो. असे कमी पातळीचे आकडे आजाराच्या निकषांत बसत नाहीत. कार्डिओलिपिनसाठी ४० युनिटपेक्षा जास्त पातळीला महत्त्व आहे. २०२३ च्या निकषांत ४० ते ७९ मध्यम आणि ८० किंवा त्याहून अधिक उच्च अशी विभागणी आहे. ती एलायझा पद्धतीच्या युनिटांसाठी केलेली आहे. नव्या स्वयंचलित यंत्रांवरील आकडा त्याच मापाने मोजता येत नाही. आयजीजी हे आयजीएमपेक्षा जास्त अर्थपूर्ण, आणि नुसता आयजीएम थोडा वाढलेला असणे ही सर्वांत दुबळी खूण. याउलट तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह, ज्याला डॉक्टर ‘ट्रिपल पॉझिटिव्ह’ म्हणतात, ती सर्वांत गंभीर.

बारा आठवडे

पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे निदान झाले असे नाही. किमान बारा आठवड्यांच्या अंतराने दुसऱ्यांदा तपासणी करून प्रतिपिंडे टिकून आहेत हे दाखवावे लागते. पहिले रक्त १० जूनला दिले असेल तर दुसरे २ सप्टेंबरच्या आधी देऊन उपयोग नाही. ‘महिन्याभराने पुन्हा करून बघितली’ असे सांगणारे बरेच भेटतात. त्यांचे पैसे वाया गेलेले असतात. दुसरी तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करावी, नाहीतर ६५ चे ३८ झाले ते प्रतिपिंड घटल्यामुळे की यंत्र बदलल्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. मधल्या काळात उपचार थांबत नाहीत. गुठळी झालेल्या रुग्णाचे औषध चालूच राहते. दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पहिली वाढ तात्पुरती होती असे मानता येते, पण त्यावरून औषध थांबवण्याचा निर्णय गुठळीचे मूळ कारण पाहून डॉक्टरच घेतात.

इथे व्हीडीआरएलचा उल्लेख करायलाच हवा. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत ही सिफिलिससाठीची चाचणी असते आणि तिच्या रसायनात मुळात बैलाच्या हृदयातून काढलेले कार्डिओलिपिन असते. साहजिकच अँटीकार्डिओलिपिन प्रतिपिंडे असलेल्या बाईची व्हीडीआरएल सिफिलिस नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि त्या एका ओळीवरून घरात नको ते संशय उभे राहतात. टीपीएचए ही खात्रीची चाचणी केली आणि ती निगेटिव्ह आली, तर तो विषय तिथेच मिटवावा आणि एपीएलएच्या तीन तपासण्यांचा विचार करावा, विशेषतः आधी गर्भपात झालेले असतील तर.

दोन्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर ते घेऊन रक्तविकारतज्ज्ञ किंवा संधिवाततज्ज्ञ यांच्याकडे जावे. गुठळी झालेल्या रुग्णाला सामान्यतः वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम देऊन आयएनआर दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात. आयएनआरच्या वाऱ्या नकोत म्हणून नव्या गोळ्या मागण्याचा मोह होतो, पण ट्रिपल पॉझिटिव्ह रुग्णांत त्या टाळाव्यात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका चाचणीत अशाच रुग्णांना रिवारोक्साबान आणि वॉरफरिन देऊन तुलना केली गेली. रिवारोक्साबानच्या गटात गुठळ्या व पक्षाघात इतके जास्त झाले, की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. गर्भधारणा ठरवलेल्या स्त्रीला वॉरफरिन गर्भाला अपायकारक असल्याने ते बदलून कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शने देतात, म्हणून पाळी चुकल्यावर नव्हे तर त्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. आणि बोटाला टोचून आयएनआर सांगणारे घरगुती यंत्र वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आधी करून घ्यावी : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट त्या यंत्राचा आकडा खोटाच वाढवू शकते, तेव्हा एकाच दिवशी यंत्राचा आयएनआर आणि शिरेतल्या रक्ताचा आयएनआर दोन्ही काढून ते जुळतात का, हे डॉक्टरांना दाखवावे.